साठ ठिपक्यांत सोलापूर : कृत्रिम दृष्टिपटलाची प्रतिमा-प्रक्रिया लॅपटॉपवर कशी उभी करायची

अंध माणसाच्या डोळ्यात बसवायच्या आर्गस-२ या कृत्रिम दृष्टिपटलाने जाणवणारा प्रकाशाचा एक ठिपका म्हणजे एक मीटर अंतरावरचा साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन. असे ठिपके फक्त ६० : आडवे १०, उभे ६. कडेच्या ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर सगळे मिळून एक मीटरवर ३२ बाय साडेसतरा सेंटिमीटरची खिडकी होते, म्हणजे आडव्या धरलेल्या झेरॉक्सच्या कागदाहून थोडी रुंद आणि थोडी बुटकी. नवी पेठेतली गर्दी, जिन्याची पायरी, समोरून येणारी रिक्षा, सगळं या खिडकीतून जायचं.

सोलापुरात ही अडचण समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. जॅकार्ड चादरीचा नकाशा ग्राफच्या कागदावर उतरवणारा कारागीर मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा काढत बसत नाही. धागे किती आहेत ते बघून तो मान, चोच आणि पिसाऱ्याची कड ठेवतो, बाकीचं टाकतो, आणि तरी मोर ओळखू येतो. कृत्रिम दृष्टीच्या प्रतिमा-प्रक्रियेचं काम हेच आहे. कॅमेरा कितीही चांगला घ्या, शेवटी प्रश्न काय टाकायचं हाच राहतो.

इथे सांगितलेली मांडणी अनुकरणाची आहे : वेबकॅमचं चित्र ६० ठिपक्यांत उतरवायचं आणि रोपण झालेल्या माणसाला ते कसं दिसत असेल याचा अंदाज पडद्यावर बघायचा. यात कुणाच्याही शरीराला कसलीही तार जोडायची नाही. अभियांत्रिकीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात हे जमतं.

यंत्राबद्दल एवढं माहीत हवं

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण आतल्या थरातल्या चेतापेशी बऱ्याच अंशी जिवंत राहतात. त्या उरलेल्या पेशींना विजेच्या बारीक स्पंदांनी चेतवलं की माणसाला प्रकाशाचा ठिपका जाणवतो. काचबिंदूने डोळ्याची नसच गेली असेल तर याचा उपयोग नाही. मोतीबिंदूला तर याची गरजच नाही, तो शस्त्रक्रियेने बरा होतो. घरचं कुणी विचारत आलं तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

आर्गस-२ मध्ये चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रक्रिया करणारा डबा आणि दृष्टिपटलावर २०० मायक्रॉन व्यासाचे ६० इलेक्ट्रोड अशी रचना होती. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांतलं अंतर ५७५ मायक्रॉन. दृष्टिपटलावर एक अंश म्हणजे साधारण २९० मायक्रॉन, म्हणून एक ठिपका दोन अंशांचा. त्याला युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. चाचण्यांत सर्वांत चांगली नोंदलेली दृष्टी २०/१२६० होती, म्हणजे निरोगी डोळ्याला १२६० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून दिसायचं. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना तो बसवल्यावर कंपनीने उत्पादन थांबवलं आणि वापरणारे आधाराविना राहिले. तुमच्या प्रणालीचा कोड आणि मोजमापं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, ती दुसऱ्या कुणाला चालवता आली पाहिजेत.

दुसरी रचना प्रिमाची. दोन मिलिमीटरची चकती, तीवर १०० मायक्रॉनचे ३७८ घटक, आणि चष्म्यातून येणारा अवरक्त प्रकाश हेच तिचं चित्र आणि तीच तिची वीज. वयोमानाने मध्यवर्ती दृष्टी गेलेल्या ३८ जणांना ती बसवली. वर्षभराने तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची दृष्टी अर्थपूर्ण सुधारल्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही कॅमेरा आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये प्रतिमा-प्रक्रिया बसलेली आहे, म्हणून खालच्या बऱ्याच गोष्टी तिलाही लागू पडतात. सुरुवात मात्र ६० ठिपक्यांनी करा. चुका तिथे लवकर उघड्या पडतात.

सामान

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. यूएसबीचा ७२०पी वेबकॅम घ्या, पण प्रकाशमर्यादा (एक्स्पोजर) हाताने बांधता येणारा. ही सोय नसलेला कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका. टोपीच्या झडपेवर तो बसवायला क्लिप, मोजायला टेप, काळा आणि पांढरा कार्डशीट, एक पुठ्ठा. पायथनमध्ये ओपनसीव्ही, नमपाय आणि पल्स-टू-पर्सेप्ट ही तीन पॅकेजं लागतील. पल्स-टू-पर्सेप्ट मोफत आहे आणि आर्गस-२, अल्फा-एएमएस, प्रिमा अशा रोपणांच्या रचना त्यात तयार मिळतात. पॅकेजं वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतली की इन्स्टॉल करताना सी कंपायलर नसल्याची तक्रार बऱ्याचदा येते, तेव्हा एक-दोन आवृत्त्या मागे या.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाचणी करू नका. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, चित्र अडखळतं आणि दोष मॉडेलचा वाटतो.

खिडकी मोजून घ्या

इथली चूक पुढे सगळीकडे पसरते. कॅमेरा भिंतीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर ठेवा आणि चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भिंतीचा किती भाग दिसतो ते टेपने मोजा. ११५ सेंटिमीटर आले तर कॅमेऱ्याचा आडवा कोन ६० अंश. चित्र ६४० पिक्सेल रुंद असेल तर नाभीय अंतर (फोकल लेंथ) ३२० भागिले ३० अंशांचा टॅन, म्हणजे ५५४ पिक्सेल. वरच्या खिडकीची ३२ सेंटिमीटर रुंदी म्हणजे १८ अंश, ती १७५ पिक्सेलची होते, आणि साडेसतरा सेंटिमीटर उंची म्हणजे १० अंश, ती ९७ पिक्सेलची. सोयीसाठी मधोमध १८० बाय १०८ पिक्सेलचा तुकडा कापा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १८ बाय १८ पिक्सेलचा चौकोन येतो.

बरेच जण सगळं ६० अंशांचं चित्रच दहा बाय सहामध्ये दाबतात. दिसायला ते छान दिसतं, पण मग एक ठिपका सहा अंशांचा होतो, आणि डोळ्यात दोनच अंशांवर उमटणारा ठिपका माणसाला वस्तू खरीपेक्षा तिप्पट लहान आणि तिप्पट दूर असल्याचं सांगतो. मुद्दाम झूम कमी-जास्त करायचा असेल तर वेगळं बटण द्या आणि किती पट आहे ते पडद्यावर सतत दाखवा.

पडद्याचंही तसंच. ५० सेंटिमीटरवरून बघणाऱ्यासाठी अनुकरणाचं चित्र १५.८ बाय ८.७ सेंटिमीटरच हवं. पूर्ण पडद्यावर मोठं करून मागे सरकून, डोळे बारीक करून बघितलं की ठिपके मिसळतात आणि चेहरासुद्धा ओळखता येतो. ही सोय रोपण झालेल्या माणसाला नाही. हनुवटी टेकायला पुठ्ठ्याचा आधार करा, अंतर आपोआप कायम राहतं.

६० पर्यंत उतरणं

चित्र करड्या छटांत आणा. मग प्रत्येक १८ बाय १८ चौकोनाची सरासरी घ्या. ओपनसीव्हीत आकार बदलताना क्षेत्रफळावर आधारलेली पद्धत निवडा. चौकोनातला मधला एकच पिक्सेल उचलला तर काय होतं ते बघायचं असेल तर समोर चौकड्याची सोलापुरी चादर टांगा आणि कॅमेरा हळूच हलवा. ठिपके वाटेल तसे लुकलुकायला लागतील, चादरीत नसलेले जाडजूड पट्टे दिसतील. बारीक नक्षी विरळ जाळीने उचलली की असे खोटे पट्टे येतातच. सरासरीच्या आधी ९ पिक्सेल सिग्मा असलेला गॉसियन पुसटपणा दिलात तर चौकोनांच्या कडांवरची उडीही कमी होते.

कॅमेऱ्याची आपोआप प्रकाश जुळवण्याची सोय बंद करा. सोलापूरच्या उन्हात घरातून दाराकडे बघितलं की दार पांढरंफटक आणि आतलं सगळं काळं होतं. कॅमेरा ते जुळवायला जातो आणि सगळे ६० ठिपके एकदम उजळतात-विझतात. प्रकाशमर्यादा आत, सावलीत आणि उन्हात अशा तीन पातळ्यांवर बांधून ठेवा आणि बटणाने बदला.

कॉन्ट्रास्ट वाढवायला चित्राच्या लहान लहान चौकोनांत तो वेगवेगळा वाढवणारी क्लाहे ही पद्धत बरी : ८ बाय ८ चौकोन, मर्यादा २. तीही सरासरीच्या आधी. मोकळ्या भिंतीसमोर मात्र ती कॅमेऱ्याचा खरखराटच उचलून दाखवते, म्हणून मूळ तुकड्यातला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग यांतला फरक २५५ पैकी १५ च्या आत असेल तर ती पायरी गाळा. छटा ताणताना प्रत्येक फ्रेमचा कमाल-किमान आकडा थेट वापरू नका. मागच्या आकड्यात नव्याचा वीसावा भाग मिसळत जा. सेकंदाला २० फ्रेम असतील तर जुळवाजुळव एका सेकंदात सावकाश होते आणि कुणी पांढरा शर्ट घालून समोरून गेलं तरी बाकीचं चित्र बुडत नाही.

शेवटी चार ते सहाच पातळ्या ठेवा. २५६ छटा पडद्यावर सुंदर दिसतील, पण ठिपक्याच्या चमकेतला एवढा बारीक फरक रोपण असलेल्या माणसाला कळत नाही. शिवाय काही इलेक्ट्रोड निकामी असतातच, त्यामुळे प्रत्येक चाचणीत यादृच्छिक सहा ते बारा ठिपके बंद ठेवून बघा. पद्धत तिथे कोसळली तर ती कामाची नाही.

चमक म्हणजे वीज

पातळीवरून विजेचा आकडा काढताना दोन गोष्टी सुटतात. प्रवाह वाढवला की ठिपका उजळतो आणि त्याबरोबर पसरतोही. सेकंदाला होणाऱ्या स्पंदांची संख्या वाढवली तर तो उजळतो, पण फारसा पसरत नाही. म्हणून आकार जपायचा असेल तर चमक स्पंदसंख्येवर ठेवा.

दुसरी गोष्ट मर्यादेची. स्पंद नेहमी जोडीने, उलटसुलट, समान विद्युतभाराचा, नाहीतर इलेक्ट्रोड आणि पेशी दोन्ही खराब होतात. प्रति चौरस सेंटिमीटर ०.३५ मिलिकूलंब ही प्लॅटिनमसाठी वारंवार धरली जाणारी मर्यादा घेतली, तर २०० मायक्रॉन व्यासाच्या इलेक्ट्रोडला ११० नॅनोकूलंब येतात, आणि ०.४५ मिलिसेकंदाच्या स्पंदात ते सुमारे २४४ मायक्रोॲम्पिअर होतात. अनुकरणातही ही भिंत घाला. तुमचं मॉडेल ५०० मायक्रोॲम्पिअर मागत असेल तर ते पडद्यापुरतंच चांगलं आहे.

ठिपका गोल नसतो

सुरुवातीला सगळे गोल ठिपक्यांचं मॉडेल वापरतात. पल्स-टू-पर्सेप्टमध्ये त्याचं नाव स्कोअरबोर्ड. हे झटपट चालतं, कारण बेरजेचं गणित आहे : ६० ठिपक्यांची ६० चित्रं एकदाच काढून ठेवा आणि प्रत्येक फ्रेमला वजन देऊन मिळवा. पण आर्गसच्या वापरकर्त्यांनी जे काढून दाखवलं ते बहुधा लांबट रेघा, कमानी, पाचरीच्या आकाराचे डाग होते. इलेक्ट्रोडच्या खालून दूरच्या पेशींचे चेतातंतू जातात, तेही चेतवले जातात, आणि प्रकाश तंतूच्या वाटेने पसरलेला जाणवतो.

त्यासाठी ॲक्सन-मॅप मॉडेल घ्या. त्यात दोन आकडे महत्त्वाचे : ठिपक्याची रुंदी ठरवणारा ऱ्हो आणि तंतूच्या दिशेने लांबी ठरवणारा लॅम्डा. ऱ्हो १५० ते ४४० आणि लॅम्डा ५०० ते १४०० मायक्रॉन या पट्ट्यात निदान चार जोड्या घेऊन बघा. प्रत्येक माणसात हे आकडे वेगळे असतात, एकाच जोडीवर पद्धत जुळवली तर ती एकाच काल्पनिक माणसाची होते. मॉडेलची जाळी पाव अंशाची ठेवण्याऐवजी अर्ध्या अंशाची ठेवा, काम चौपट हलकं होतं. मॉडेल बांधण्याची पायरी फ्रेमच्या लूपबाहेर ठेवा. लूपच्या आत राहिली तर एकेका फ्रेमला काही सेकंद लागतात. साठ चित्रांच्या बेरजेची युक्ती इथे तंतोतंत चालत नाही, कारण हे मॉडेल तंतूच्या तुकड्यांतला सर्वांत मोठा परिणाम निवडते. थेट दाखवायला ती चालवून घ्या, आकडे लिहायचे असतील तेव्हा पूर्ण मॉडेल चालवा.

आणि चित्र उलटं होत नाही ना ते तपासा. दृष्टिपटलाच्या वरच्या भागावर जगाचा खालचा भाग उमटतो. कोपऱ्यातला एकच इलेक्ट्रोड पेटवा आणि ठिपका अपेक्षित कोपऱ्यात येतो का बघा. रोपण तिरकं बसलेलं असेल तर कॅमेऱ्याचं चित्र तेवढंच फिरवावं लागतं.

काय ठेवायचं, काय टाकायचं

पहिला मोह कडा काढण्याचा होतो. कॅनी ही कडा शोधणारी पद्धत चालवा, दाराची चौकट स्वच्छ दिसते, मग सरासरी घ्या आणि ती गायब. एक पिक्सेल जाडीची उभी कड १८ बाय १८ चौकोनात ३२४ पैकी फक्त १८ पिक्सेल व्यापते, म्हणजे साडेपाच टक्के चमक. कडा आधी पाच-सहा पिक्सेल जाड करा किंवा सरासरीऐवजी चौकोनातला कमाल आकडा घ्या. मोकळ्या भिंतीतलं दार, टेबलावरची एकटी वाटी यांना हे छान लागू पडतं. भाजीबाजारात मात्र टोपल्या, ताडपत्री, फलक, साड्यांचे काठ सगळंच कड होतं आणि साठच्या साठ ठिपके पेटतात. सगळं पेटलेलं चित्र आणि काहीच न पेटलेलं चित्र, दोन्हींत माहिती शून्य.

तिथे वस्तू ओळखून वेगळ्या करणारं मॉडेल लागतं, म्हणजे सेगमेंटेशन. मोबाइलनेटवर बसवलेलं हलकं मॉडेल २५६ बाय २५६ आकारावर साध्या प्रोसेसरवरही चालतं. त्याला कापलेला तुकडा देऊ नका, कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र द्या आणि उत्तर आल्यावर खिडकी कापा. माणूस पूर्ण दिसला तर मॉडेल त्याला सहज माणूस म्हणतं, आणि तीन मीटरवर तुमची खिडकी जेमतेम ५२ सेंटिमीटर उंच असते.

मग चमक वाटून द्या : माणूस पूर्ण, वाहन पाऊण, दार आणि पायरी निम्मी, रस्ता-आकाश-भिंत शून्य. हे आकडे शेवटचे नव्हेत. कोणत्या कामासाठी काय उजळ हवं हे शहरातल्या अंध शाळेतले शिक्षक आणि पांढरी काठी वापरणारे लोक तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील, आणि त्यांना मॉडेल निवडायच्या आधी विचारा. अनेकदा उत्तर अनपेक्षित असतं. चेहऱ्यापेक्षा बाकावर बसायला जागा रिकामी आहे का, हे जास्त लोकांना हवं असू शकतं.

प्रशिक्षणाच्या चित्रांकडेही बघा. सिटीस्केप्स या संचातली शहरं युरोपातली, त्याच्या वर्गांत रिक्षा नाही. त्यावर शिकलेलं मॉडेल आपल्या रिक्षाला कधी कार म्हणेल, कधी अर्धी ट्रक आणि अर्धी भिंत. हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरून गोळा केलेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे, सोलापूरला तो पुष्कळ जवळचा. पण तोही गाडीच्या पुढच्या कॅमेऱ्यातून टिपलेला, रस्त्याच्या मधोमधून. पादचाऱ्याला रस्त्याच्या कडेवरून, डोळ्याच्या उंचीवरून दिसतं. तेव्हा टोपीवरच्या कॅमेऱ्याने सात रस्ता, एसटी स्टँडचं आवार, सिद्धेश्वर तलावाकाठची वाट अशा ठिकाणी स्वतःची तीनशे-चारशे चित्रं घ्या, वर्ग आखा आणि शेवटचे थर पुन्हा शिकवा. लोकांचे चेहरे साठवू नका, पुसट करूनच ठेवा.

चित्रातलं काय जवळ आणि काय दूर ते सांगणारं (डेप्थ) मॉडेल, उदाहरणार्थ मिडास, याला पूरक आहे. जवळचं उजळ, लांबचं मंद. सावधगिरी एवढीच की त्याचे आकडे मीटर नसतात, फक्त जवळ-दूरचा क्रम असतो, आणि तो प्रत्येक फ्रेमला थोडा सरकतो. वर छटांसाठी वापरली तीच सावकाश मिसळणी इथेही लावा. वर्गाची चमक गुणिले जवळपणा असा साधा गुणाकार बऱ्याच ठिकाणी पुरतो. पायरी उतरताना मात्र तो फसतो, कारण खालची पायरी लांब असते म्हणून मंद होते, आणि धोका नेमका तिथे असतो. जवळ-दूरच्या आकड्यांत अचानक उडी असलेली रेषा वेगळी काढून पूर्ण उजळ करा.

दहा मीटरवरचा माणूस उंचीत सहाही ओळी भरतो, पण रुंदीला सव्वा ठिपका. पडद्यावर तो उभा पट्टा असतो, विजेच्या खांबासारखाच. दोन्हींत फरक हालचालीने पडतो, म्हणून हलणारी वस्तू सेकंदाला दोनदा मंद-उजळ करून बघा.

उशीर

माणूस मान सेकंदाला ३० अंश वेगाने वळवतो आणि तुमचं चित्र २०० मिलिसेकंद मागे आहे, तर ठिपके सहा अंश, म्हणजे तीन घरं चुकीच्या जागी. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत १०० मिलिसेकंदांच्या आत राहा. मोजायला फोनवर स्टॉपवॉच लावून ते कॅमेऱ्यासमोर धरा, कॅमेऱ्याचं कच्चं चित्र पडद्यावर दाखवा आणि फोन व पडदा यांचा एकत्र फोटो काढा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे कॅमेरा आणि पडद्याचा उशीर. प्रक्रियेचा वेळ कोडमधून छापून त्यात मिळवा. सेगमेंटेशन सेकंदाला सहा-सात वेळाच होत असेल तर मधल्या फ्रेममध्ये जुना नकाशा ऑप्टिकल फ्लोने, म्हणजे दोन फ्रेममधली हालचाल मोजून, सरकवा. वेबकॅमच्या बफरमध्ये जुन्या फ्रेम साचतात, वाचनासाठी वेगळा थ्रेड ठेवून फक्त ताजी फ्रेम उचला. निम्मा उशीर बहुधा तिथेच असतो.

अनुकरणात आणखी एक खरेपणा घाला : एकाच जागी चालू राहिलेला ठिपका बहुधा काही सेकंदांत विरतो. म्हणूनच वापरणारे मान हलवून हलवून बघतात. हे न घालता केलेली चाचणी नेहमी खोटी आशा दाखवते.

तपासणी

डोळस स्वयंसेवकाला पडद्यासमोर बसवा आणि कॅमेरा त्याच्याच टोपीवर ठेवा, दुसऱ्याच्या हातात नको. काळ्या कार्डशीटवर पांढरा चौकोन वरच्या डाव्या, वरच्या उजव्या, खालच्या डाव्या किंवा खालच्या उजव्या कोपऱ्यात लावा आणि जागा विचारा. चार पर्यायांत नुसत्या अंदाजानेही ४० पैकी १० बरोबर येतात. १६ च्या खाली काहीही आलं तर पद्धत काम करते असं म्हणू नका. मग पांढरी पट्टी कुठल्या दिशेला सरकली, मग व्हरांड्यातलं दार कुठे आहे. प्रत्येक प्रक्रियेची तुलना साध्या सरासरीशी करा आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण दुसऱ्या फेरीत माणूस सरावानेच सुधारतो. स्वयंसेवकाला रस्त्यावर, जिन्यावर किंवा फलाटाच्या कडेला हे लावून चालवू नका. बाहेरची दृश्यं रेकॉर्ड करून आत बसून दाखवा.

रुग्णांपर्यंत जायची वेळ आली तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्या आणि संमतीपत्र मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये ध्वनिमुद्रित करा. सोलापुरात तिन्ही लागतील. त्यात पहिल्याच वाक्यात सांगा की हे उपचार नव्हेत.